बरी हाये, फुलं तोडून राहिली

त्या दिवशी अमरावतीच्या त्या दवाखान्याच्या खोलीत आमी सहाजणी होतो. एक मी. दुसरी माझी नातसून, पलंगावर निजेल. तिसरी माझी लेक, जिचं घर राजापेठेत हाये अन् जिनं मले फोन करून बोलावलं. चौथी आमच्या गावची आशाताई, अकोटहून माझ्यासंगं एस्टीनं आली. पाचवी डॉक्टरीनबाई. सहावी नर्स, कागद हातात धरून दाराजवळ उभी. नातसुनेचं आठ महिन्याचं लेकरू लेकीच्या शेजारणीजवळ ठेवलं होतं. नातू वरूडले संत्र्याच्या पेट्या भराच्या कामावर होता, तो दुपारून आला. म्हणजे खोलीत गडी माणूस एकबी नव्हता. तरी खरं बोलाले आमाले येळ लागला.

मी चौथी शिकली. अक्षर लावता येते, पण लिहाले बसली का हात थरथरते. म्हणून मी बोलून राहिली अन् लेक लिहून राहिली. ती मधातच म्हणते, "माय, हे नोको सांगू, लोक काय म्हणतीन?" म्या म्हटलं, लिही. सत्तरच्या वर झाली मी. आता लोक काय म्हणतीन ते म्हणू दे.

आमचं घर फुलावाल्याचं. अकोटच्या पुढं वावर हाये. झेंडू, शेवंती अन् इहिरीजवळ थोडासाक मोगरा. फुलं तोडाचं काम बायाचं. तांबडं फुटलं का टोपले घेऊन निघाचं, ऊन चढाच्या आत तोडून व्हाले पायजे, मंग गडी माणसं गाठोडे बांधून बसवर टाकतात. हे फुलं देवाले जातात. म्हणून जी बाई बाहेरची, म्हणजे पाळीत असन ती फुलात पाय घालत नाई. ते चार-पाच दिवस ती धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या पलीकडे तुरीत निंदाले जाते. हे कोणी कोणाले सांगत नाई. सकाळी कोणती बाई फुलात गेली अन् कोणती तुरीत गेली, एवढं पाह्यलं का साऱ्या घराले समजते. आमच्याकडे बाईले इचारा लागतच नाई.

हेच आमच्या नातसुनेच्या अंगावर आलं.

लेकरू दोन-अडीच महिन्याचं झालं तवा तिनं तीन महिन्याची सुई घेतली. दुसरं लेकरू लगेच नोको होतं तिले, नातवालेबी नोको होतं. बरोबरच हाये. आशाताईनंच नेलं, सुई टोचली, कार्ड भरलं, पुढची तारीख देल्ली. आखाडात तिले जे सुरू झालं ते थांबेच ना. आठ दिवस झाले, पंधरा झाले, एकवीस झाले, पोरगी आपली तुरीतच. माझी सून, म्हणजे तिची सासू, फुलाचे टोपले उचलता उचलता म्हणे, "मजा हाये बाप्पा एकेकीची. आमाले चार दिवस सुट्टी, हिले बारोमास."

पोरगी खाली मान घालून निंदत राहे. वाईट मनानं नाई बोलली सून. एक हात कमी पडे तं सारा भार तिच्यावर येई. पण शब्द तं लागलाच.

मंग श्रावणात एक दिवस पोरगी टोपलं घेऊन फुलात आली. सारे खुश. सून म्हणे, "आली बाई एकदाची!" मी त्या दिवशी तिच्या मागच्या ओळीत तोडत होती. ती वाकली का थांबे, एक हात गुडघ्यावर ठेवे अन् मंग तोडे. पातळाचा सोगा दोनदा खोचलेला, आवळून. मी पाह्यलं अन् मले समजलं, हिचं थांबलंच नाई. कोणाले नाई समजलं, मलेच समजलं. काहून का असं वाकणं अन् असा सोगा खोचणं म्या स्वतः केलेलं हाये.

मी काहीच बोलली नाई. म्हटलं, आपण सोसलं, हीबी सोसन. बाईच्या जातीले चुकते का?

पोळ्याच्या आधी आशाताई धुऱ्यावर आली. दुसऱ्या सुईची तारीख जवळ आली होती. तिच्या हातात कागद, त्यावर काही तक्रार हाये का ते लिहाचं असते. ऊन होतं, तिले अखीन सात घरं फिराचे होते. म्हणे, "आजी, कशी हाये तुमची नातसून? त्रास-गिस?"

म्या तिथूनच सांगतलं, "बरी हाये वं. ते पाय, फुलं तोडून राहिली."

आशाताईनं पाह्यलं. पोरगी झेंडूत उभी होती, हसली बी. आशाताईनं लिहिलं, तक्रार नाई. दोन दिवसानं दुसरी सुई झाली.

मी लय साल झाले कोणाजवळ बोलली नाई ते आता सांगून टाकतो. मी पंचवीस-सव्वीसची होती, कडेवर तिसरं लेकरू. तवा गावोगाव जीप येई. शाळेच्या खोलीत पडदा लावला होता. नर्सबाई म्हणे, ये, तांबी बसवून देतो, पाच साल चिंता नाई. मले काय मालूम तांबी म्हणजे काय? मले वाटलं ताईत असन काही. बसवली. घरी गेली. दहा दिवसानं जे चालू झालं ते सात महिने चाललं.

नर्सबाईकडे गेली तं ती म्हणे, "होते, सवय होईन."

पुन्हा गेली. म्हणे, "तुलेच कशी होते? बाकीच्या नाई रडत."

तिसऱ्यांदा म्हटलं, काढून टाका. तं ती चिडली. तिलेबी वरून कोणी तरी आकडा मांगत असन, आता समजते मले. तवा मले एवढंच समजलं का मीच खोटी हावो.

सात महिन्यातले दोन महिने मी तुरीत काढले. मंग माझी जेठानी होती, मोठी जाऊ, ती मायेची बाई. तिनं इहिरीवर मले धरलं. म्हणे, "तुयं पोट दुखते तं तुरीत उन्हात मरतं काहून? फुलाचं काम ऊन चढाच्या आत तरी संपते. जा, तोड. कोणाले दिसते?"

"देवाचे फुलं हायेत बाई."

"देवाले दोन डोळे हायेत. तो पाहीन तुयी हालत."

मी गेली. पाच महिने त्या हालतीत देवाचे फुलं तोडले. झेंडू नाई सुकला, मोगरा नाई जळला. भेव वाटे, पण घरचे लोक म्हणत, बरी झाली बाई. बरी झाली म्हणून मंग कामबी वाढलं. चक्कर आली का मी टोपलं खाली ठेवून चप्पल झटकाचं सोंग करे.

शेवटी जेठानीनंच दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नेलं. तिथं रक्त जाते म्हटलं असतं तं पुन्हा तेच, होते, सवय होईन. म्हणून जेठानी मले शिकवून घेऊन गेली. म्या सांगतलं, "मले अखीन एक लेकरू पायजे, सासू लय मांगे लागली." दहा मिनिटात काढली. रक्तासाठी काढत नव्हते, लेकरासाठी काढली.

माझं तिथं संपलं. जेठानीचं नाई संपलं. तिनं माझी सात महिन्याची हालत पाह्यली होती. तिले चार लेकरं होते. गोळ्या म्हणा, तांबी म्हणा, आपरेशन म्हणा, ती म्हणे, "नाई बाप्पा, तुयं पाह्यलं म्या." मंग पाचवं झालं. सहाव्या येळी बैलगाडीत गेली ते परत नाई आली. लेकरू बी नाई.

मी तिले कधी भेव नाई दाखवलं. पण माझं पाहून ती भ्याली, हे खरं हाये.

आता पुन्हा दवाखान्याची गोष्ट. दिवाळी झाली. दसरा-दिवाळी म्हणजे आमचा जीव काढणारे दिवस, पोरीनं ते सारे दिवस तोडले. भाऊबीजेनंतर लेकीनं तिले राजापेठेत बोलावलं, चार दिवस आराम कर म्हणून. दुसऱ्याच दिवशी पोरगी वट्याजवळ उभ्या उभ्या खाली बसली अन् तिथंच लवंडली. लेकीनं मोरीत पाह्यलं तं बादलीमागं धुतलेल्या चिंध्यांचा ढीग. पॅडचा पुडा दोन दिवसात संपे म्हणून ती चिंध्या वापरून राहिली होती. लेकीनं मले फोन लावला, "माय, तू ये. अन् खरं खरं सांग, हिले कधीपासून होऊन राह्यलं?"

म्या फोनवर सांगतलं नाई. एस्टी पकडली. आशाताईले निरोप देल्ला तं तीबी कार्ड घेऊन आली.

आमी पोचलो तवा रक्ताचा कागद आला होता. डॉक्टरीनबाईनं पाह्यला. म्हणे, "सहा आहे. बारा पाहिजे. कधीपासून जातंय गं?"

पोरीनं माझ्याकडे पाह्यलं. मंग खाली पाह्यलं. "आठ दिवस झाले मॅडम. थोडं थोडं."

"आठ दिवसांनी इतकं उतरत नाही. बाळंतपणापासूनच कमी असेल. खात नाहीस काही. पालेभाजी, गूळ-शेंगदाणे खायचे. इंजेक्शन चालू आहे ना? त्यानं थोडं इकडेतिकडे होतंच, घाबरायचं नाही." बाईच्या मागं दारात अखीन दहा जणी उभ्या होत्या. तिनं कागदावर लिहाले घेतलं. नर्सले म्हणे, "तिसरं कधी आहे?"

नर्स म्हणे, "पुढच्या हप्त्यात, मॅडम."

"घेऊन टाका म्हणावं, चुकवू नका."

पोरगी म्हणे, "हो मॅडम."

तो 'हो मॅडम' आयकला अन् मले पुढचं सारं दिसलं. आता ही घरी येईन, तिसरी सुई घेईन, अन् सकाळी पुन्हा टोपलं घेऊन माझ्या पुढच्या ओळीत उभी राहीन. मी पुन्हा पाहीन अन् पुन्हा चूप बसन.

म्या म्हटलं, "डॉक्टरीनबाई, लिहू नोका. पोरगी खोटं बोलून राहिली."

साऱ्या मायाकडे पाहाले लागल्या. पोरगी म्हणे, "आजी!"

"आखाडापासून जाऊन राह्यलं तिचं. चार महिने झाले. अन् मले मालूम होतं."

आशाताईच्या डोळ्यात पाणीच आलं. म्हणे, "आजी, तुमीच तं सांगतलं होतं बरी हाये म्हणून! म्या तुमच्या भरवशावर लिहिलं."

"हो, म्याच सांगतलं. तुयी चूक एवढीच का तू मले इचारलं, तिले नाई इचारलं."

लेक मायावर बिघडली, "माय, तू पाहून राहिली होती? अन् चूप?"

म्या सांगतलं, फुलात कोण जाते अन् तुरीत कोण जाते ते. डॉक्टरीनबाई इकडचीच असन, तिले लगेच समजलं. तिनं पेन खाली ठेवला अन् पोरीच्या पलंगावर बसली. पोरीचा हात हातात घेतला. म्हणे, "काहून नाई सांगितलं बाळा?" एवढा येळ शुद्ध बोलून राहिली होती, तं आता आपल्यासारखी बोलाले लागली.

पोरगी म्हणे, "पहिल्या महिन्यात सांगतलं होतं मॅडम, जिथं सुई देल्ली तिथं. ते म्हणे, होते, सवय होईन. मंग म्या म्हटलं, सारे म्हणतात होते, तं मलेच नाई सोसत असन."

तोच शब्द. इतके साल झाले, नर्स बदलल्या, तांबीची सुई झाली, शब्द तोच.

म्या इचारलं, "बाई, ते सुई काढता येते का? तांबी तरी काढता ये."

"नाई आजी. एकदा देल्ली का तीन महिने अंगात राहते. नंतर हळूहळू उतरते."

"हे तिले टोचाच्या आधी सांगतलं होतं का कोणी?"

नर्सनं कार्ड पाह्यलं. म्हणे, "सही आहे आजी इथं खाली."

"सही तं मीबी करून देईन माय. वाचून कोणी दाखवलं?"

नर्सनं कार्ड बंद केलं. तिनं थोडीच टोचली होती.

डॉक्टरीनबाईनं मंग खरं सांगतलं, अन् मले ती बाई आवडली. म्हणे, "आजी, तुम्हाले खोटं नाही सांगत. आधी सगळं सांगितलं, की रक्त जाऊ शकते, पाळी बंद होऊ शकते, डोकं दुखू शकते, तं अर्ध्या बायका उठून चालल्या जातात. अन् मंग सहा महिन्यानं त्याच बायका पोट घेऊन येतात, अंगात रक्त नाही, वर्षाचं लेकरू कडेवर. मले त्याचंबी भेव वाटते. बहुतेकींचं थोड्या महिन्यात आपोआप थांबते. म्हणून आमी म्हणतो, होते, होईन कमी."

म्या म्हटलं, "तुमचं भेव खरं हाये. म्या पाह्यली तशी बाई." अन् म्या तिले जेठानीचं सांगतलं. सारं नाई, थोडक्यात. म्हटलं, "तिले कोणी सांगतलं असतं का दहातल्या एकदोघींले असं होते, झालं तं अमुक दिवस वाट पाय, नाई थांबलं तं ये, आमी काढून देऊ, तं ती भ्याली नसती. तिनं फक्त मले पाह्यलं. सांगणारं कोणी नव्हतं म्हणून मीच तिले दिसली. तुमी न सांगतल्यानं बाया थांबत नाई बाई. एकीचं पाहून दहा जणी पळतात."

डॉक्टरीनबाई पलंगावरून उठली अन् म्हणे, "आता तुमी साऱ्या बाहेर जा. मले हिच्याशी एकटीशी बोलाचं हाये."

"मीबी जाऊ?"

"तुमी पहिले जा आजी."

लेकीले हसू आलं. मलेबी थोडंसं आलं.

बाहेर बाकड्यावर मी अन् आशाताई बसलो. ती रडूनच राहिली होती. म्हणे, "माया नोकरीवर येईन का आजी हे? वरचे म्हणतात तक्रार लिहाल तं खुलासा द्या. म्हणून आमीबी बरी हाये आयकलं का पुढं पळतो." म्या म्हटलं, "पळ, पण त्या बाईले इचारून मंग पळ. धुऱ्यावरूनच नोको पळू." तिले चहा पाजला. तिचंबी लेकरू घरी एकटं होतं.

अर्ध्या तासानं नर्सनं बोलावलं. दोन बाटल्या रक्त लागलं पोरीले, एक त्या दिवशी, एक दुसऱ्या दिवशी. पोटाची सोनोग्राफी केली, आत दुसरं काही खराब नाई निघालं. रक्त थांबाच्या गोळ्या चालू केल्या. डॉक्टरीनबाईनं तिसऱ्या सुईवर स्वतःच्या हातानं काट मारली अन् कार्डावर आखाडापासूनचं सारं लिहिलं, चार ओळीत. आशाताईले म्हणे, "हे तुमच्या कागदावरबी चढवा. कोणी इचारलं तं माझं नाव सांगा."

दुपारून नातू आला, फटफटीवर धूळ घेऊन. त्याले काहीच मालूम नव्हतं. तो आपला दाराशीच उभा. म्हणे, "मले काहून नाई सांगतलं तू?" पोरगी म्हणे, "तुमी काय केलं असतं? तुमीबी म्हटलं असतं, होते." तो पलंगाजवळ येऊन बसला.

डॉक्टरीनबाईनं दोघाले समोर बसवून काय काय उपाय हायेत अन् कशानं काय त्रास होऊ शकते ते सारं सांगतलं. पोरगी म्हणे, आताच नाई ठरवत, अंगात रक्त भरू द्या. म्या नातवाले म्हटलं, "तवर तू सांभाळ. दुकानात मिळते. तुले ना चक्कर येत, ना रक्त जात." तो लाल झाला अन् बाहेर पाणी प्याले गेला. पोरगी मात्र हसली. त्या दोन दिवसातलं तिचं पहिलं हसणं ते.

थांबाले अखीन पंधरा-वीस दिवस लागले. सुईचा अंमल उतरता उतरता उतरला. ती आता घरी हाये, चालते, लेकराले उचलते, पण धाप लागते अजूनबी. गोळ्या चालू हायेत.

घरी येऊन म्या सुनेले अन् बाकी बायाले सांगतलं, का आता जिले जमन ती फुलात जाईन, जिले नाई जमन ती घरी बसन, अन् तुरीत कोणीच नाई जाणार त्या दिवसात. सून म्हणे, "अन् देव?" म्या म्हटलं, "देवाले म्या पाच महिने तशे फुलं देल्ले, तो काही बोलला नाई." मंग बऱ्याच दिवसानं सून इहिरीवर हळूच म्हणे, "आत्याबाई, मलेबी मागं सहा महिने..." अन् थांबली. म्या म्हटलं, "बोल." ती बोलली. तिचं बोलणं तिचं हाये, ते नाई लिहित.

मी काही त्या सुईच्या विरोधात नाई. तांबीच्याबी नाई. आमच्या येळी असं काही नीट मिळालं असतं, नीट सांगून मिळालं असतं, तं माझी जेठानी आज मायासंगं बसून फुलं निवडत असती. पण मी पाहून चूप राहिली, अन् चूप राहून त्या पोरीच्या अंगातलं रक्त अर्धं होऊ देल्लं, हे मी सोडून देत नाई. ते मायावरच हाये.

हे जो कोणी वाचून राहिला त्याले माझं एक मागणं हाये. तुमी दवाखान्यात असान, का गावात कागद घेऊन फिरत असान, का घरात सासू-नवरा असान, त्या बाईले एकटीले बाजूले घ्या अन् तिलेच इचारा, किती दिवस झाले. ती जो आकडा सांगन तो लिहा.